हॉस्पिटलचं आयटी डिपार्टमेंट

मोठ्या हॉस्पिटलात सर्व्हर, नेटवर्क आणि पेशंटचा सगळा डेटा सांभाळणारा विभाग, पण वॉर्डात ओळख एकच, प्रिंटर बंद पडला की फोन करायचे ते लोक.

मुख्य सॉफ्टवेअर एचआयएस, म्हणजे हॉस्पिटल इन्फर्मेशन सिस्टीम, रजिस्ट्रेशन, बिलिंग, फार्मसी, लॅब सगळं त्यातच, सीटी-एमआरआयच्या इमेज मात्र डायकॉम फॉरमॅटमध्ये पॅक्स नावाच्या वेगळ्या सिस्टीमवर असतात आणि या सिस्टीम एकमेकांशी बोलतात त्या बहुतेक एचएल७ या ठरलेल्या पद्धतीच्या मेसेजमधून.

खरी डोकेदुखी डुप्लिकेट यूएचआयडीची, म्हणजे एकाच पेशंटला पडलेल्या दोन नोंदणी नंबरांची. दीपक काउंटरवर एकदा डबल ई लावून टाईप झाला आणि पुढच्या वेळी नुसत्या आयने, की झाले दोन नंबर, मग जुने रिपोर्ट एकावर, नवे दुसऱ्यावर आणि डॉक्टर विचारणार मागचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) कुठंय. मर्ज करायला तसं एक बटण पुरतं, पण चुकून भलत्याच दीपकला जोडलं तर त्याची ॲलर्जी याच्या फाईलवर, म्हणून जन्मतारीख, मोबाईल, जमलं तर जुना केसपेपरही बघूनच मर्ज करतात.

दुसरं म्हणजे इथे सिस्टीम बंद ठेवायला वेळच नसतो, रात्री दोनलाही कॅज्युअल्टी चालूच. त्यात सीटी मशीनच्या कॉम्प्युटरवर कंपनीच्या परवानगीशिवाय विंडोज अपडेट टाकता येत नाही, त्यामुळे जुनी विंडोज वर्षानुवर्षं तशीच. वॉनाक्राय या रॅन्समवेअरला (फाईली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) रोखणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्येच दिला होता, तरी १२ मे रोजी ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची कितीतरी हॉस्पिटलं अडकली आणि हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पाडले, तेव्हा ओपीडी, ॲडमिशन, लॅब सगळं कित्येक दिवस हातानेच चाललं.

म्हणून कागदी फॉर्मचे गठ्ठे प्रत्येक वॉर्डात ठेवावेच लागतात, कितीही पेपरलेसच्या गप्पा मारल्या तरी. सिस्टीम परत आली की लोकांना वाटतं संपलं, पण खरं काम तेव्हा सुरू होतं, ते म्हणजे बॅक एन्ट्री, कागदावरचं सगळं मागाहून सिस्टीममध्ये भरणं. दुपारी दोनला दिलेलं इंजेक्शन नर्सने रात्री नऊला टाकलं आणि वेळ हाताने बदलली नाही तर बऱ्याच सिस्टीम नऊच धरतात, मग पुढच्या डोसची वेळही चुकते, त्यामुळे अशा रात्री आयटीवाले सर्व्हररूममध्ये कमी आणि नर्सिंग स्टेशनवर जास्त दिसतात.