हजारांच्या गर्दीत भाला नेमका कोणाला लागतो?

दिवाळीच्या सुट्टीत अकरावीतला भाचा घरी आला आणि त्याच्याबरोबर त्याचा गेमिंग कन्सोलही आला. दुपारभर तो ‘डायनॅस्टी वॉरियर्स’ या मालिकेतील एक खेळ खेळत बसला होता. प्राचीन चीनमधील रणांगण, हाती लांब भाला घेतलेला झाओ युन हा सेनानी आणि समोर नजर पोहोचेल तिथवर पसरलेले शत्रुसैन्य, असा एकंदर देखावा होता. बटण दाबले की भाला गरगर फिरत होता, दहा-पंधरा सैनिक एकदम हवेत उडत होते आणि लोळवलेल्यांचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात वाढत होता. तो आकडा 1000 च्या पुढे गेला, तेव्हा भाचा अभिमानाने म्हणाला, “मामा, हे सगळे एआय आहेत. प्रत्येक सैनिक स्वतःचा विचार करून लढतो.” त्यावर त्याच्या आईने स्वयंपाकघरातून विचारले, “मग त्यातले निम्मे नुसते उभे का आहेत?”

ताईचा हा प्रश्न भाच्याच्या विधानापेक्षा पुष्कळच शास्त्रीय होता. हल्ली कोणत्याही यंत्राने काही हालचाल केली की तिच्यावर ‘एआय’चा शिक्का मारण्याची पद्धत पडली आहे, आणि त्या शिक्क्याखाली खरी कारागिरी झाकली जाते. गर्दीतील सैनिकांना बुद्धी बहुधा नावापुरतीच असते. या खेळातली खरी गंमत अशी, की कोट्यवधी आकडेमोडी करायला लागू नयेत याची व्यवस्था प्रोग्रॅमरने आधीच करून ठेवलेली असते.

खेळाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इसवी सन 184 मध्ये हान साम्राज्यात पिवळी फडकी बांधलेल्या शेतकऱ्यांचे बंड झाले, साम्राज्य खिळखिळे झाले आणि पुढे 220 ते 280 या काळात चीनमध्ये तीन राज्ये एकमेकांशी झुंजत राहिली. चौदाव्या शतकातील लुओ ग्वानझोंग याच्या कादंबरीने हा इतिहास घरोघरी पोहोचवला आणि जपानमधील कोएई या कंपनीने त्यावर खेळ रचले. या मालिकेचा 1997 मधील पहिला खेळ दोघांच्या द्वंद्वाचा होता. एकटा वीर विरुद्ध अख्खे सैन्य हा प्रकार 2000 साली प्लेस्टेशन 2 वर आला आणि जपानीत त्याला ‘मुसो’, म्हणजे ज्याला जोड नाही असा, हे नाव चिकटले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 208 सालच्या हिवाळ्यात यांगत्से नदीवर झालेल्या लाल कड्यांच्या लढाईत उत्तरेकडून चालून आलेल्या त्साओ त्साओ या सेनानीचे आरमार जळाले. कादंबरीत त्याच्या विरोधकांचा सल्लागार झुगे लियांग वेदी उभारून, मंत्र म्हणून, आग त्या आरमाराकडे नेणारा आग्नेयेकडचा वारा बोलावतो, आणि या मालिकेच्या अनेक भागांत खेळाडूला त्या अनुष्ठानाचे रक्षणही करावे लागते. जुन्या इतिहासग्रंथात अनुष्ठान नाही. तिथे हुआंग गाय नावाच्या सेनानीची आगीच्या नौकांची युक्ती आहे. हिवाळ्यात त्या भागात सायबेरियावरील जास्त दाबामुळे वारे बहुतेक उत्तरेकडून किंवा वायव्येकडून येतात, पण ते जास्त दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे समुद्रावर सरकले की अधूनमधून आग्नेयेचा वाराही सुटतो. नदीकाठी आयुष्य काढलेल्या माणसाला हे ठाऊक असायला मंत्रांची गरज नव्हती.

आता रणांगणावर येऊ. पडद्यावरील हालचाल सलग दिसावी म्हणून संगणक सेकंदाला 60 चित्रे काढतो. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे एका फ्रेमसाठी सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कंट्रोलरचे बटण वाचायचे, प्रत्येक सैनिक हलवायचा, कोण कोणावर आदळला ते पाहायचे, भाला कोणाला लागला ते ठरवायचे आणि सगळे चित्र रंगवायचे. वेळ चुकली की चित्र अडखळते आणि खेळणाऱ्याच्या हाताला ते ताबडतोब कळते.

यातले ‘कोण कोणावर आदळला’ हे काम वरवर क्षुल्लक वाटते, पण सगळ्यात घातक तेच आहे. सैनिक एकमेकांच्या अंगातून आरपार जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाचे इतर प्रत्येकापासूनचे अंतर पाहायचे ठरवले, तर 1000 सैनिकांच्या 4,99,500 जोड्या होतात. प्लेस्टेशन 2 चा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे 29.5 कोटी ठोक्यांनी (ठोका म्हणजे प्रोसेसरच्या कामाची सर्वांत लहान पायरी) चालत असे, म्हणजे एका फ्रेमला सुमारे 49 लाख ठोके. ते सगळे या एकाच कामाला दिले, तरी एका जोडीच्या वाट्याला जेमतेम 10 ठोके येतात, आणि दोन सैनिकांच्या जागा यंत्राच्या स्मृतीतून (मेमरीतून) आणण्यातच त्यातले बरेचसे संपतात. त्या यंत्रावरच्या खेळांत एका वेळी काही डझन सैनिकच का दिसत आणि बाकीचे धुक्यातून अचानक का प्रकट होत, ते यावरून समजू शकते. यंत्र दहापट वेगवान घेतले तरी फारसे भागत नाही, कारण सैनिक दहापट झाले की जोड्या जवळजवळ शंभरपट होतात. 10,000 सैनिकांच्या जोड्या 4 कोटी 99 लाख 95 हजार भरतात.

यावरचा उपाय इतका साधा आहे, की पहिल्यांदा शिकलो तेव्हा मला तो फसवणुकीसारखा वाटला होता. टपाल कचेरीत पत्रे वाटणारा माणूस प्रत्येक पत्र दुसऱ्या प्रत्येक पत्राशी ताडून पाहत नाही. तो समोरच्या खणांत पत्रे टाकतो आणि एका गल्लीची पत्रे आपोआप एकत्र येतात. रणांगणाचेही तसेच करायचे. समजा, मैदान 200 मीटर लांब व 200 मीटर रुंद आहे. त्यावर 2 मीटर बाजूचे चौकोन आखले, की 100 रांगा आणि प्रत्येक रांगेत 100 असे एकूण 10,000 खण झाले. एखादा सैनिक पूर्वेकडे 37.4 मीटर आणि उत्तरेकडे 121 मीटर अंतरावर उभा असेल, तर दोन्ही आकड्यांना 2 ने भागून अपूर्णांक सोडून द्यायचा. 18 आणि 60 मिळतात. 60 ला 100 ने गुणून त्यात 18 मिळवले, की खणाचा क्रमांक 6018. एक गुणाकार, दोन भागाकार आणि एक बेरीज एवढ्यात सैनिकाचा पत्ता ठरला, आणि त्यासाठी इतर कोणत्याही सैनिकाकडे पाहावे लागले नाही.

या सैनिकाला धडकू शकणारे सगळे जण त्याच्याच खणात किंवा भोवतालच्या आठ खणांत, म्हणजे 6017, 6019, 5918, 6118 आणि चार कोपऱ्यांवरील 5917, 5919, 6117 व 6119 यांतच असणार. माणसाला उभे राहायला सुमारे 1 चौरस मीटर जागा लागते असे धरले, तर एका खणात फार तर 4 जण मावतील आणि नऊ खणांत 36. म्हणजे अगदी खेचाखेचीच्या गर्दीतही एका सैनिकाने फक्त 35 जणांकडे पाहायचे. 1000 सैनिकांच्या मिळून जास्तीत जास्त 17,500 जोड्या होतात. कुठे पाच लाख आणि कुठे साडेसतरा हजार! त्याहून महत्त्वाचे म्हणजे सैनिक दहापट झाले तर हे कामही दहापटच होते, शंभरपट होत नाही.

खण भरण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. प्रत्येक खणासाठी वेगळी यादी ठेवली तर ती स्मृतीत विखुरली जाते आणि विखुरलेली माहिती आणण्यात प्रोसेसर ताटकळतो. म्हणून आधी प्रत्येक खणात किती जण आहेत ते मोजायचे, मग त्या संख्यांची चढती बेरीज करत जायचे, आणि त्या बेरजेने ठरलेल्या जागेपासून सैनिकांचे क्रमांक एकाच लांबलचक ओळीत लिहून टाकायचे. खण 6018 मधील मंडळी त्या ओळीत एकमेकांना खेटून बसतात आणि शेजारच्या 6019 मधली त्यांच्या लगेच पुढे. हे सगळे दर फ्रेमला पुसून नव्याने लिहिले जाते, कारण जुन्या यादीत दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा नवी यादी लिहिणे स्वस्त पडते. ही चढत्या बेरजेची खुबी पहिल्या वाचनात पूर्णपणे उमगली नाही, तरी वाचकाने पुढे जायला हरकत नाही.

आता झाओ युनचा भाला फिरतो आहे. भाल्याचे टोक सेकंदाला 20 मीटर वेगाने फिरते असे समजू. एका फ्रेममध्ये ते 33 सेंटिमीटर पुढे जाते. फ्रेम सेकंदाला 30 च असतील तर 67 सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या अंगाच्या जाडीपेक्षा जास्त. एका फ्रेममध्ये टोक सैनिकाच्या डावीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये उजवीकडे असेल, तर दोन्ही वेळा संगणक ‘लागला नाही’ असेच उत्तर देईल आणि सैनिक भाल्यातून सहीसलामत सुटेल. म्हणून अशा खेळांत टोकाची नुसती जागा तपासून भागत नाही. मागच्या फ्रेमपासून या फ्रेमपर्यंत भाल्याने झाडून काढलेला, उघडत्या हातपंख्याच्या आकाराचा तुकडा तपासावा लागतो. तो पंखा ज्या खणांवर पडतो, तेवढेच खण उघडायचे. त्यातल्या प्रत्येक सैनिकाचे अंतर भाल्याच्या लांबीपेक्षा कमी आहे का ते पाहायचे, आणि इथेही काटकसर आहेच: वर्गमूळ काढणे महाग, म्हणून अंतराचा वर्गच लांबीच्या वर्गाशी ताडतात. भाला 2.5 मीटर लांब असेल तर 6.25 हा आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. अंतर जुळले की मग कोन पाहायचा. दोन्ही जुळले की लागला.

लागलेल्या सैनिकावर त्या फटक्यापुरती खूण करावी लागते, नाही तर तोच फटका पुढच्या पाच फ्रेममध्ये त्याला पुन्हा पाच वेळा लागेल. त्यानंतर खेळ मुद्दाम दोन-चार फ्रेम थबकतो. डोळ्याला हा थांबा जाणवत नाही, पण भाला जड कशात तरी रुतल्याचा भास हाताला होतो आणि खेळाची चव बरीचशी त्या थांब्यातच असते. मग सैनिक हवेत भिरकावला जातो, शाळेत शिकलेल्या प्रक्षेपकाच्या परवलयावरून खाली येतो, जमिनीवर पडतो आणि हळूच विरून जातो. विरणे हेही हिशेबाचेच आहे. संगीत नाटकात चार भालदार एका विंगेतून जाऊन दुसऱ्या विंगेतून पुन्हा येतात आणि प्रेक्षकाला मोठी फौज गेल्यासारखी वाटते, त्याचप्रमाणे विरलेल्या सैनिकाची स्मृतीतील जागा पुसून तीच लांबच्या टेकडीमागून येणाऱ्या नव्या सैनिकाला देतात. भाच्याने मारलेले हजार जण हे बरेचसे तेच ते भालदार होते.

चित्र रंगवण्याची काटकसर अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून ती भरभर सांगतो. कॅमेऱ्याच्या पाठीमागे असलेले काहीच रंगवायचे नाही. पडद्यावरचा प्रत्येक पुतळा लहान लहान त्रिकोण जोडून केलेला असतो; लांबच्या सैनिकाला कमी त्रिकोणांचा साधा पुतळा द्यायचा. दूरच्या वस्तू ढोबळ आकाराने काढण्याची ही कल्पना जेम्स क्लार्क यांनी 1976 मध्येच मांडली होती. 1080 पिक्सेल उंचीच्या पडद्यावर, कॅमेऱ्याची उभी दृष्टी 60 अंशांची धरली, तर 1.7 मीटर उंचीचा सैनिक 5 मीटरवर सुमारे 318 पिक्सेल उंच दिसतो आणि 100 मीटरवर अवघा 16 पिक्सेल. सोळा पिक्सेलच्या माणसाला मिशा काढत बसण्यात अर्थ नाही. शिवाय सगळ्यांचा मूळ पुतळा एकच ठेवतात, आणि प्रत्येकाची जागा, दिशा व चालीतला टप्पा एवढीच यादी ग्राफिक्स कार्डाकडे एकदम पाठवतात.

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून बाकी आहे. निम्मे सैनिक उभे का असतात? एक कारण खर्चाचे: जवळच्या सैनिकाने काय करायचे ते दर फ्रेमला ठरवतात, लांबच्याने काय करायचे ते दहा-पंधरा फ्रेमांतून एकदा. पण जवळचेही उभेच असतात, आणि त्याचे कारण खेळाडूच्या डोक्यात आहे. 1988 मध्ये पिलिशिन आणि स्टॉर्म या संशोधकांनी पडद्यावर एकसारख्या दिसणाऱ्या खुणा इकडेतिकडे हलवून दाखवल्या आणि त्यांतल्या काहींवर लक्ष ठेवायला लोकांना सांगितले. माणसांना एका वेळी चार-पाच खुणांचाच माग नीट ठेवता आला. वीस सैनिकांनी एकदम वार केला, तर तो कोणालाच चुकवता येणार नाही आणि खेळ अन्यायाचा वाटेल. म्हणून अशा खेळांत वार करण्याची परवानगी ठरावीक जणांनाच वाटून देण्याची पद्धत रूढ आहे. ज्याच्याकडे परवानगी आहे तो पुढे येतो, बाकीचे शस्त्र परजत घिरट्या घालतात. लू बूसारखा मोठा योद्धा आला की त्याच्यापुरते नियम पुष्कळ वाढवतात, कारण तो एकटाच असतो आणि लक्ष त्याच्यावरच असते.

हे ऐकून भाच्याने वाद घातला नाही. त्याने खेळ पुन्हा सुरू केला, झाओ युनला गर्दीच्या मधोमध नेऊन नुसता बचावाचा पवित्रा घेऊन उभा केला आणि एका वेळी किती जण वार करतात ते मोजू लागला. ताई हातातले काम सोडून शेजारी येऊन बसली होती. तिनेही मोजायला सुरुवात केली. दहा मिनिटांत दोघांचाही आकडा तिनापुढे गेला नाही. एकदा भाच्याने चार मोजले, पण चौथा वार नव्हता, मागच्याने नुसता धक्का दिला होता, असे ताईचे म्हणणे पडले.