अर्धा मिलिमीटर: राजदूत ३५० आणि तिचे दोन कार्बोरेटर

राजदूत ३५० ही मोटरसायकल सुरू केली की जाणकार फिटर आधी दोन्ही सायलेन्सरच्या मागे हात धरून बघतो. धक्का दोन्हीकडे सारखा लागला तर प्रश्नच नाही. एका बाजूचा ठोका मलूल आणि गाडी सिग्नलला थरथरतेय, तर एक सिलिंडर दुसऱ्याच्या जिवावर चाललाय. गंमत अशी की हीच गाडी हायवेला पूर्ण रेस दिल्यावर झकास पळते. मग बिघाड गेला कुठे?

यामाहा आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पुरवणारा वेगळा कार्बोरेटर. कार्बोरेटरच्या गोल नळीत एक स्लाइड वर-खाली होते आणि तिच्याखालच्या फटीतून हवा आत जाते. नळीचा व्यास २८ मिमी धरू. एक स्लाइड १ मिमी उचललेली आहे आणि दुसरी दीड. नळीचा तळ कमानीसारखा असल्यामुळे स्लाइड वर जाते तशी फट रुंदही होत जाते. हिशेब केला तर पहिली फट सुमारे ७ चौरस मिमी येते, दुसरी १२-१३. फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण हवा जवळजवळ दुप्पट! तोच अर्धा मिलिमीटर पूर्ण उघडलेल्या नळीत राहिला, तर ६१६ पैकी जेमतेम अडीच चौरस मिमी अडतात. अर्धा टक्काही नाही. म्हणून बॅलन्सिंगचा, म्हणजे दोन्ही स्लाइड सारख्या उचलल्या जाव्यात यासाठीच्या जुळवणीचा, सगळा खेळ आयडलिंगला आणि हलक्या रेसला आहे.

आता केबल. आतली तार ओढली जाते आणि बाहेरचं आवरण तेवढ्याच जोराने दाबलं जातं, हे तत्त्व अर्नेस्ट बोडन यांच्या १८९६ च्या पेटंटातलं. मुठीपासून एक केबल निघते आणि पुढे तिला तीन फाटे फुटतात: दोन कार्बोरेटरांना, तिसरा ऑइल पंपाला. तार एकूण किती अंश वळते त्यावर घर्षण वाढतं, आणि तेही गुणाकाराने. घर्षणांक ०.२ असेल आणि एकूण वळण १८० अंशांचं, तर मुठीला जवळजवळ दुप्पट जोर लागतो. वंगणाने घर्षणांक ०.१ वर आला की साधारण १.४ पट. स्लाइड खाली ढकलणाऱ्या स्प्रिंगचा जोरही वाटेत असाच खर्ची पडतो. म्हणून एक फाटा कोरडा राहिला की त्या बाजूची स्लाइड उशिरा बसते. अशा केबलवर ॲडजस्टर (केबल ताणायचा-सैल करायचा स्क्रू) फिरवत बसण्यात अर्थ नाही. आधी तेल सोडा, तारेचे धागे तुटलेले असतील तर केबल बदला. प्लग, ठिणगीची वेळ ठरवणारे दोन्ही पॉइंट आणि इनटेकचं रबरही आधीच तपासून घ्यावं. ठिणगीचं टायमिंग चुकलेलं असताना कार्बोरेटर पिळणारे फिटर कमी नाहीत.

प्रत्यक्ष काम इंजिन बंद ठेवूनच करायचं. एअर फिल्टरकडचं रबर काढून दोन्ही स्लाइडना एकेक बोट लावायचं आणि दुसऱ्याला मूठ अगदी सावकाश फिरवायला सांगायचं. दोन्ही बोटांना हालचाल एकाच क्षणी जाणवली पाहिजे. मग मूठ सोडायची. स्लाइड खाली आपटल्याचा एकच ‘टक’ यायला हवा. ‘ट-टक’ आला तर मागे राहणाऱ्या बाजूचा ॲडजस्टर थोडा फिरवायचा आणि लॉक नट आवळायचा. नट आवळतानाही सेटिंग हलतं, तेव्हा पुन्हा ऐकायचं. प्रत्येक केबलला मिलिमीटरभर प्ले, म्हणजे ढिलेपणा, ठेवायचाच. तो शिल्लक आहे का हे शेवटी गाडी चालू करून हँडल दोन्ही टोकांना वळवलं की कळतं: रेस आपोआप वाढली तर केबल ताणली जातेय. आयडलिंगचा स्क्रू दोन्हीकडे सारखा करताना पुन्हा सायलेन्सरमागे हात धरायचा.

एवढ्यावर झाकणं लावून मोकळं होणं महागात पडू शकतं, कारण तिसरा फाटा उरलाय. ऑइल पंप किती तेल सोडणार हे इंजिनच्या वेगावर आणि मूठ किती उघडली यावर ठरतं. कार्बोरेटरांच्या केबली हलल्या की पंपाशी त्यांचा मेळ बिघडतो. पंप उशिरा उघडू लागला तर पिस्टनला तेल कमी पडतं आणि इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. म्हणून केबलींचा ढिलेपणा संपेल इतपतच मूठ फिरवायची आणि पंपाच्या पुलीवरची खूण पिनेसमोर येते का, ते बघायचं. पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणाऱ्यांचं हे काम वाचतं. त्यांना प्रत्येक टाकीला प्रमाण तेवढं सांभाळावं लागतं.