सुस्थिती-मापन, लोकवस्तीतील

एखाद्या गावातली, वस्तीतली किंवा शहराच्या प्रभागातली माणसे कशी जगतात, त्यांची तब्येत कशी आहे आणि आपल्या जगण्याबद्दल त्यांना स्वतःला काय वाटते, हे ठरावीक पद्धतीने मोजण्याला लोकवस्तीचे सुस्थिती-मापन म्हणतात. यात दोन तऱ्हेची मापे येतात. काही बाहेरून दिसतात : बालमृत्यू, मुलांची वजने, रक्तातले हिमोग्लोबिन, घरापासून नळाचे अंतर. काही मात्र माणसाने सांगितल्याखेरीज कळत नाहीत : झोप लागते का, अडीनडीला कोण धावून येते, आजवरच्या आयुष्याबद्दल समाधान आहे का. ही दोन्ही मापे एकमेकांशी जुळतील अशी अपेक्षा असते. ती पुष्कळदा जुळत नाहीत, आणि या विषयातले बहुतेक महत्त्वाचे काम त्या न जुळण्यातूनच उभे राहिले आहे.

गावाच्या स्थितीला आकडा देणे महाराष्ट्राला नवे नाही. आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, हा तसाच आकडा. नेहमीचे पीक शंभर पैसे धरून गावाचे यंदाचे पीक ५० पैशांच्या आत आले की दुष्काळी सवलतींचा मार्ग मोकळा होतो, म्हणून त्यावर दरवर्षी वादही झडतात. पण पैसेवारी पिकाची असते. त्या पिकावर जगणाऱ्या घरात काय चालले आहे, हे त्या आकड्यातून समजत नाही.

प्रश्न आणि पट्ट्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेने आरोग्याची व्याख्या 'केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक सुस्थिती' अशी केली. व्याख्या झाली, पण रोग मोजण्याची साधने हाताशी असताना सुस्थिती मोजायची कशाने, हा प्रश्न उरला. त्यावर जी साधने निघाली, त्यांतले सर्वांत परिचित म्हणजे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅंट्रिल यांची शिडी. त्यांचा अनेक देशांतला अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या देशांत भारतही होता. उत्तर देणाऱ्यासमोर ० ते १० पायऱ्यांच्या शिडीचे चित्र ठेवतात. सर्वांत वरची पायरी म्हणजे त्याच्या कल्पनेतले सर्वांत चांगले आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट. 'आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात?' एवढाच प्रश्न. वरची पायरी कशी असते हे प्रश्नकर्ता सांगत नाही, ते ज्याचे त्याने ठरवायचे, ही यातली खुबी.

एड डीनर व सहकाऱ्यांची १९८५ ची जीवनसमाधान पट्टी पाच विधानांची आहे. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण, म्हणून एकूण ५ ते ३५. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाने चालणारी पाच प्रश्नांची सुस्थिती-प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांपुरतेच विचारते : मन प्रसन्न होते का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का. तिची बेरीज २५ पर्यंत जाते आणि तिला चाराने गुणून १०० पैकी गुण काढतात. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रांगेतही दोन-तीन मिनिटांत भरून होते, म्हणून ही प्रश्नावली जगभर वापरात आहे.

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास येणारा जागतिक आनंद अहवाल याच शिडीवर उभा असतो. २०२५ च्या यादीत भारत ११८ वा होता. वर्तमानपत्रे त्यावर हळहळतात किंवा चिडतात. देशाच्या सरासरीतून जतच्या किंवा मोखाड्याच्या एखाद्या वाडीबद्दल मात्र काहीच कळत नाही. त्यासाठी वाडीतच जावे लागते.

सांगणे आणि असणे

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेने कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात लोकांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारले. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा प्रकृती बेताची आहे. विधवांमध्ये हे प्रमाण होते २.५ टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे ठाऊक असलेल्या कोणालाही हा आकडा खटकावा. अमर्त्य सेन यांनी तो पुन्हापुन्हा पुढे आणला. त्यांचे म्हणणे असे : जिला कधी काही मिळालेलेच नाही ती तक्रार करणेही सोडून देते, आणि सर्वेक्षणात तिची नोंद 'ठीक' अशी होते. पुढे त्यांनी केरळ आणि बिहारची तुलना मांडली. आयुर्मान केरळचे जास्त, आणि आजारी असल्याचे सांगणारेही केरळातच जास्त. शिकलेल्या, दवाखाना जवळ असलेल्या माणसाला आजार ओळखू येतो. तो सांगतोही.

महाराष्ट्रात याच गोष्टीचा सर्वांत ठळक पुरावा गडचिरोलीतून आला. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केल्यानंतर तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्याच नव्हे, तर गावातल्या सगळ्या स्त्रिया तपासायच्या, हे या अभ्यासाचे वेगळेपण. १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आले : ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग, सरासरी प्रत्येकीला ३.६. आपल्याला काही त्रास आहे असे सांगणाऱ्या होत्या ५५ टक्के, आणि याआधी अशी तपासणी कधीतरी झालेल्या अवघ्या ८ टक्के. म्हणजे नुसते विचारून थांबले असते तर जवळपास निम्म्या स्त्रिया निरोगी ठरल्या असत्या. आणि दवाखान्याच्या नोंदवहीवर भरवसा ठेवला असता, तर हा प्रश्न आहे हेच कळले नसते. अंगावरून पांढरे जाणे, कंबर दुखणे हे 'बाईच्या जातीला असायचेच' असे धरून चालणाऱ्या घरात तक्रारीला शब्द कुठून येणार?

मग माणसाचे सांगणे बाजूला ठेवून फक्त तपासणीच मोजावी का? तेही चालत नाही. कोलकात्यातील झोपडपट्टीवासी, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि पदपथावर राहणारी माणसे यांचा रॉबर्ट बिस्वास-डीनर व एड डीनर यांनी केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण आयुष्याबद्दल या लोकांचे उत्तर समाधानाच्या मध्यरेषेच्या किंचित खाली होते, पण कुटुंब आणि मित्र यांबद्दल विचारले की ते वर जाई. त्यांची मिळकत आणि घरे पाहून कोणी अंदाज बांधला असता, तर नात्यांतून मिळणारा हा आधार हिशेबातच आला नसता. सिंगूरच्या विधवा आणि कोलकात्याच्या झोपड्या यांची सांगड घालताना संशोधकांची आजही दमछाक होते, आणि एकाच सूत्राने दोन्ही उलगडतात असे सांगणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये.

वढूचा अनुभव

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील वढू परिसराच्या २२ गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर नोंद ठेवते. उसाच्या शिवाराला लागून कारखाने उभे राहत गेलेला हा पट्टा. २००७ मध्ये तिथे पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांना त्यांच्या आरोग्याबद्दल आणि जीवनमानाबद्दल विचारण्यात आले. आफ्रिका व आशियातील अनेक ठिकाणी एकाच वेळी चाललेल्या अभ्यासाचा हा भाग होता. वय वाढते तशी प्रकृती खालावल्याचे सांगणे वाढले, शिक्षण जास्त तिथे उत्तरे बरी आली, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांनी आपली तब्येत वाईट असल्याचे सांगितले. सिंगूरच्या नेमके उलट. सहा दशकांत इथल्या बायकांना तक्रार करण्याची थोडी तरी मुभा मिळाली असावी.

पण एकाचे 'बरे' आणि दुसऱ्याचे 'बरे' एकच कशावरून? ही अडचण सोडवायला या अभ्यासात एक युक्ती वापरली होती. उत्तर देणाऱ्याला काही काल्पनिक माणसांची वर्णने ऐकवायची. उदाहरणार्थ : 'एक गृहस्थ सपाटीवर सहज चालतात, पण जिना चढताना मध्ये थांबावे लागते. यांना चालण्याफिरण्याचा त्रास किती?' एकजण म्हणेल 'काहीच नाही', दुसरा म्हणेल 'बराच'. वर्णन सर्वांना सारखेच असल्याने प्रत्येकाची मोजपट्टी कुठे सैल आणि कुठे ताणलेली आहे ते कळते, आणि त्याने स्वतःबद्दल दिलेले उत्तर त्या मानाने वाचता येते.

मराठीत विचारताना

'तुम्ही आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?' हा प्रश्न कागदावर बिनचूक असतो. ओटीवर बसून विचारला की उत्तर येते 'चाललंय आपलं'. पुन्हा विचारले की 'देवाच्या दयेनं बरं आहे'. याला दहापैकी किती द्यायचे? 'बरं' हा शब्द आजारातून उठलेल्यालाही चालतो आणि जेमतेम भागते आहे त्यालाही. समाधान, सुख आणि आनंद हेही एकमेकांचे पर्याय नव्हेत. समाधानात मराठी माणूस 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' ऐकतो, त्यामुळे समाधानी आहे असे म्हणणे हा कित्येकांना शहाणपणा वाटतो, आणि नाही म्हणणे कृतघ्नपणा. साठी उलटलेल्यांशी बोलताना दहापेक्षा 'रुपयात किती आणे?' लवकर कळते, कारण सोळा आणे म्हणजे पुरे, बारा आणे म्हणजे बरे, हे त्यांच्या बोलण्यातच असते.

शेजारी कोण बसले आहे, यानेही उत्तर बदलते. सासू लसूण सोलत कान देऊन बसलेली असताना 'घरातल्या निर्णयात तुमचं मत घेतात का?' याला सून काय सांगणार? म्हणून प्रश्न विचारणारी बाई असावी, एकांत मिळावा, असे नियम प्रशिक्षणात शिकवतात. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळवायचा कसा, हे तिचे तिने पाहायचे. प्रश्नांच्या क्रमाचाही परिणाम होतो. कर्जाचे प्रश्न आधी आणि समाधानाचा नंतर आला, तर कर्जाची सावली पुढच्या उत्तरावर पडते. म्हणून अनेक सर्वेक्षणांत समाधानाचा प्रश्न अगदी सुरुवातीला ठेवतात.

सरकारे आणि शहरे

भूतानचे चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या सकल राष्ट्रीय आनंदाच्या कल्पनेला पुढे ९ क्षेत्रे व ३३ निर्देशकांचे रूप मिळाले. २०१०, २०१५ आणि २०२२ च्या सर्वेक्षणांत तिचा निर्देशांक ०.७४३, ०.७५६ व ०.७८१ असा चढत गेला. त्यात शेजाऱ्यांवरचा विश्वास आणि वेळेचा वापरही मोजतात. ब्रिटनमध्ये २०११ पासून सांख्यिकी कार्यालय चार प्रश्न विचारते आणि त्यातला एक 'काल तुम्हाला किती चिंता वाटली?' असा आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल या छोट्या शहराने आपल्या नगर-गणनेच्या अर्जातच आनंदाचा प्रश्न घातला. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या जीवनसुलभता निर्देशांकात १११ शहरांमध्ये पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. त्यावर पुण्यात पाट्या लागल्या नसत्या तरच नवल. पुढच्या, २०२० च्या फेरीत नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन मिळाले. दहा लाखांवरच्या शहरांत बंगळूर पहिले व पुणे दुसरे आले, आणि फक्त नागरिकांची मते पाहिली तर भुवनेश्वर सर्वांत पुढे.

लोकांनी केलेले मापन

सर्वेक्षणाची माहिती गावातून जाते आणि परत येत नाही, ही जुनी तक्रार. तिला उत्तर म्हणून लोकसहभागी पद्धती आल्या. देवळासमोरच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, घरे, हातपंप, विहिरी मांडायच्या आणि मग मूठभर चिंचोके देऊन म्हणायचे, 'गावाला ज्याचा जास्त त्रास त्यावर जास्त चिंचोके ठेवा.' आकडे न येणारी म्हातारीही चिंचोका उचलून इकडचा तिकडे करते आणि का ते सांगते. मात्र नकाशा कोणी काढला ते पाहावे लागते. पुरुषांच्या नकाशात चावडी मोठी असते, बायकांच्या नकाशात पाणवठा, आणि गावकुसाबाहेरची वस्ती कधीकधी रांगोळी संपल्यावर आठवते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला तेव्हा लोकांनी पहिली गरज सांगितली ती औषधाची नव्हे, अन्नपाण्याची. प्रकल्पाने कामाचा क्रम त्याप्रमाणे लावला. पुढे गावातल्याच, बहुतेक न शिकलेल्या, बऱ्याच दलित समाजातल्या स्त्रिया आरोग्यसेविका झाल्या आणि घरोघरची गरोदरपणे, बाळंतपणे, मुलांची वजने त्यांच्याकडून कळू लागली. गडचिरोलीतही ३९ गावांत प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपण्याची व्यवस्था आधी उभी राहिली. घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगाने तिथला नवजात-मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला, हे त्या मोजणीमुळेच सिद्ध करता आले. सरकारी नोंदींत कितीतरी बालमृत्यू येतच नाहीत, हे महाराष्ट्रातील अनेक संस्थांनी मिळून काढलेल्या २००१ च्या 'कोवळी पानगळ' अहवालाने दाखवले होते.

२००७ पासून महाराष्ट्रात पाच जिल्ह्यांत, म्हणजे अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे इथे, आरोग्यसेवांवरील लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची 'साथी' ही तिची राज्यपातळीवरची समन्वयक संस्था होती. गावातली समिती लसीकरण, औषधे, परिचारिकेच्या भेटी, मिळालेली वागणूक यांना गुण देते. गुणांऐवजी प्रगतिपत्रकावर रंग भरतात : चांगल्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. हे पत्रक घेऊन माणसे जनसुनवाईला येतात. वैद्यकीय अधिकारी समोर बसलेले असतात आणि लाल चौकोनाकडे बोट दाखवून कोणीतरी विचारते, 'साहेब, मागल्या खेपेलाही हा लालच होता ना?'