क्रमांक, जहाज, गाव : मॉरिशसच्या मराठी पूर्वजांची नोंद कशी झाली

मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू प्रमुख पाहुण्या होत्या. त्या दौऱ्यात त्यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी खास तरतूद जाहीर केली : सातव्या पिढीपर्यंतच्या वंशजांनाही आता 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळू शकेल. सात पिढ्या म्हणजे खापरपणजोबाच्याही पलीकडचा माणूस. तो भारतातूनच आला होता, हे कागदाने सिद्ध करायचे. मॉरिशसमधल्या बऱ्याच घरांना तो कागद खरोखर सापडतो. त्यावर नाव असते, वडिलांचे नाव असते, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव आणि जहाजही असते.

कोकणात मागे राहिलेल्या भाऊबंदांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. १८५० साली गावात राबणाऱ्या कुळाची उंची किती होती, त्याच्या कपाळावर व्रण होता की नाही, हे सांगणारा कागद त्याच्या वंशजांपैकी कुणाकडेही नाही. जमीन नावावर असेल तर महसुलाच्या दप्तरात एखादी ओळ मिळते. जमीन नसेल तर तीही नाही. मग गरिबातल्या गरीब माणसाबद्दल इतके बारकाईने कुणी आणि कशासाठी लिहून ठेवले? ही रजिस्टरे वाचायची तर आधी हे समजून घ्यावे लागते.

मॉरिशसमध्ये गुलामगिरी १ फेब्रुवारी १८३५ रोजी कायद्याने संपली. उसाच्या मळेवाल्यांनी मात्र मजुरांची सोय आधीच सुरू केली होती. १० सप्टेंबर १८३४ रोजी कलकत्त्यात ३६ जणांनी पाच वर्षांच्या करारावर अंगठे उठवले. पगार महिना पाच रुपये. २ नोव्हेंबरला 'अ‍ॅटलास' जहाजाने ते पोर्ट लुईला उतरले. सुरुवातीची ही भरती खासगी व्यापारी करत आणि त्यात फसवणूक, पळवापळवी सर्रास होती. ओरड झाल्यावर हिंदुस्थान सरकारने चार-पाच वर्षांतच ती बंद केली. १८४२ साली परवानगी पुन्हा मिळाली ती अटींसह. माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई याच बंदरांतून जातील, बंदरावर सरकारी अधिकारी त्यांची विचारपूस करील आणि मॉरिशसला 'प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्स' नावाचा अधिकारी त्यांना उतरवून घेईल, अशी ती व्यवस्था होती. आपल्याला आज मिळणारे कागद या व्यवस्थेतून आले.

१८४९ साली पोर्ट लुई बंदरात इमिग्रेशन डेपो बांधला गेला. तिथल्या दगडी पायऱ्या आजही आहेत आणि 'आप्रवासी घाट' या नावाने २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. पायऱ्या चढून आलेल्या माणसाला डेपोत ठेवून घेत, कारकून प्रश्न विचारी, दुभाषा भाषांतर करी आणि रजिस्टरात एक ओळ भरली जाई. त्या ओळीच्या सुरुवातीला असे क्रमांक. पुरुषाला, त्याच्या बायकोला, कडेवरच्या पोराला, प्रत्येकाला वेगळा. १९२०च्या दशकात ही आवक थांबेपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे आली आणि क्रमांकही तिथवर चढत गेले.

संशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने नावापेक्षा या क्रमांकाला मोल आहे. नावे शेकड्यांनी सारखी आहेत. 'रामजी' शोधायला गेलात तर किती रामजी निघतील याचा नेम नाही. क्रमांक मात्र एकाचाच. गिरमिटियाला, म्हणजे 'अ‍ॅग्रिमेंट'वर (करारावर) आलेल्या मजुराला, पोर झाले की सरकारी जन्मनोंदीत बापाच्या नावापुढे हा क्रमांक लिहीत. म्हणून शोधाची वाट उलटी चालते. आधी स्वतःचा जन्मदाखला, मग आईबापांचा, मग आजोबांचा, असे सिव्हिल स्टेटस कार्यालयाचे दाखले काढत मागे जायचे. ज्या दाखल्यावर बापाच्या नावाशेजारी क्रमांक दिसेल तिथे थांबायचे आणि तो क्रमांक घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जायचे. इमिग्रेशन खात्याची रजिस्टरे तिथल्या अभिलेखागारात आहेत. २०१५ साली युनेस्कोने या संग्रहाला 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत घेतले.

नोंद इतकी बारकाईने ठेवली गेली, त्यामागे माया नव्हती. करार संपेपर्यंत मजूर मळ्यावरून हलू नये आणि हललाच तर ओळखता यावा, हा मूळ उद्देश. उंची आणि व्रण लिहिले ते पळालेला माणूस पकडायला. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापत. पाच वर्षे भरून मोकळा झालेला माणूसही खऱ्या अर्थाने मोकळा नव्हता. १८६७च्या कायद्याने अशा 'जुन्या' गिरमिटियांनी स्वतःचे छायाचित्र चिकटवलेले तिकीट सतत जवळ बाळगायचे, असे ठरले. रस्त्यात पोलिसाने अडवले आणि तिकीट नसले तर भटक्या म्हणून थेट कोठडी. १८७१ साली अ‍ॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने या जाचाविरुद्ध गिरमिटियांचा अर्ज तयार केला आणि त्यावर ९,४०१ जणांनी सह्या-अंगठे केले. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला, १८७५ साली त्याचा अहवाल निघाला आणि त्यात मळेवाल्यांचे व पोलिसांचे वागणे उघडे पडले.

आज वंशजांच्या दिवाणखान्यात जे छायाचित्र लागते ते बहुधा याच व्यवस्थेने काढलेले असते. पूर्वजाचा तो एकुलता एक फोटो असतो, म्हणून त्याची किंमत करताच येत नाही. पण तो फोटो काढून घेण्यात त्याची इच्छा विचारात घेतली गेली नव्हती, हेही त्या घरातल्या मुलांना सांगायला हवे असे मला मनापासून वाटते. अभिमान आणि ही जाणीव एकाच वेळी बाळगता येते.

आता मुंबई बंदराकडे वळू. एकूण गिरमिटियांत मुंबईहून गेलेल्यांचा वाटा लहान. सर्वांत जास्त लोक कलकत्त्याहून गेले, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबईच्या जहाजांतून गेले ते मुख्यतः रत्नागिरी, सावंतवाडी, ठाणे, सातारा या भागांतले मराठी बोलणारे लोक : मराठा, कुणबी, महार आणि इतरही. डोंगरउतारावरची अपुरी शेती, खोताचा वाटा आणि पाऊस संपला की हाताला काम नाही, ही कोकणची जुनी रड. घरातला एक माणूस मुंबईला किंवा पलटणीत जायचा, तसा कुणी 'मॉरिशस'ला गेला. ही लाट मुख्यतः १८४० ते १८६०च्या दशकांतली. पुढे रेल्वे, गोदी आणि गिरण्या उभ्या राहिल्यावर मुंबईतच काम मिळू लागले, तेव्हा समुद्र ओलांडायची गरज उरली नाही. याचा परिणाम आजच्या शोधावर होतो. मराठी पूर्वज बहुतांशी डेपोत छायाचित्रे काढायला लागण्याआधीच येऊन गेले. त्यामुळे त्यांच्या आगमनाच्या ओळीशेजारी चेहरा नसतो. फोटो मिळालाच तर तो नंतरच्या, जुन्या गिरमिटियांच्या तिकिटांच्या कागदांत मिळण्याचा संभव अधिक.

ओळ सापडली तरी ती वाचता यावी लागते. सांगणारा मालवणीत सांगतोय, दुभाषा कदाचित भोजपुरी किंवा तमिळ बोलणारा, आणि कारकून ऐकेल तसे इंग्रजी अक्षरांत लिहितोय. 'रटनाघेरी' म्हणजे रत्नागिरी हे लगेच कळते. 'टाना' म्हणजे ठाणे, हेही जरा विचार केला की उमगते. गावाच्या नावात मात्र पुरता गोंधळ होतो. ळ, ण, ठ, ढ या अक्षरांना त्या लिपीत जागाच नव्हती. त्यात वाडीचे नाव गाव म्हणून लिहिलेले असते, कधी नुसतेच तालुक्याचे. आणि नाव नीट उतरले तरी पेच सुटत नाही : शिरगाव रत्नागिरी तालुक्यात आहे, चिपळुणात आहे आणि देवगडातही आहे.

जिल्हे तर तेव्हाचे घ्यावे लागतात. नोंदीतल्या 'रत्नागिरी'त आजच्या सिंधुदुर्गाचा मोठा भाग येतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सावंतवाडी हे संस्थान होते, म्हणून ते वेगळे लिहिलेले दिसते. कुलाबा जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीच्या नोंदीत अलिबागकडचा माणूस 'ठाण्या'चा म्हणून गेला असण्याची शक्यता धरूनच चालावे. सातारा १८४८पर्यंत छत्रपतींच्या गादीचे राज्य होते आणि आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यात मोडायचा. आजचा नकाशा समोर ठेवून गाव शोधणारा माणूस हमखास चुकीच्या तालुक्यात जाऊन पोहोचतो.

अशा वेळी उपयोगी पडते ती त्या ओळीच्या वरची आणि खालची ओळ. एकदा जाऊन आलेला माणूस 'सरदार' होऊन आपल्याच भागातून पुढची माणसे गोळा करून नेई. त्यामुळे एकाच जहाजात एका पंचक्रोशीतली माणसे असत आणि डेपोत त्यांना पाठोपाठचे क्रमांक मिळत. आपल्या पूर्वजाच्या गावाचे नाव अगम्य असेल, पण चार क्रमांक पुढच्याचे स्वच्छ असेल, तर निदान तालुका हाती लागतो. म्हणून एकाच ओळीचा उतारा घेऊन समाधान मानू नये. मिळाले तर आख्खे पान पाहावे, आणि तेही त्या जहाजाच्या पहिल्या नोंदीपासून.

आडनावाचा प्रश्न याहून नाजूक. डेपोत माणसाचे नाव आणि बापाचे नाव लिहिले. आडनाव बहुतेकदा नाहीच. पुढच्या पिढीत बापाचे पाळण्यातले नावच मॉरिशसच्या फ्रेंच धाटणीच्या नागरी नोंदीत कुटुंबाचे आडनाव बनले. 'बाबाजी', 'रामजी', 'बापू', 'लक्ष्मण' अशी आडनावे मराठी घरांत दिसतात ती यामुळे. एकाच घरातल्या दोन भावांची पोरे दोन आडनावांची झाली. धार्मिक विधीने लागलेले लग्न सरकारदरबारी धरले जात नसे, त्यामुळे मुले अनेकदा आईच्या नावावर चढली. अशा घराचा शोध बापाकडून सुरू केला की अडतो. आईचा क्रमांक धरला की पुढे सरकतो. मराठी माणसाची वंशावळ म्हटली की आपण बापाच्या ओळीनेच चालतो, पण या रजिस्टरांत बायकांना स्वतःचा क्रमांक आहे आणि त्या क्रमांकाने कितीतरी कुटुंबांची वाट मोकळी होते.

जातीच्या रकान्याबद्दलही जपून बोलावे. तिथे लिहिलेले तेच खरे असे मानण्याचे कारण नाही. ज्याला जुनी ओळख मागे टाकायची होती त्याला ही संधी होती, आणि दुभाष्याला जे नाव माहीत होते तेही कधी लिहिले गेले असेल. वयाचे तसेच : वीस, पंचवीस, तीस असे गोल आकडे दिसले की तो कारकुनाचा अंदाज समजावा.

मजुरांच्या कागदांची ही संपन्नता स्वखर्चाने प्रवास करणाऱ्यांच्या नशिबी नाही. व्यापारी, कारागीर, नोकरदार तिकीट काढून गेले. वरच्या वर्गाचा प्रवासी असेल तर वर्तमानपत्रात जहाजाच्या बातमीत त्याचे नाव छापून येई. डेकवर बसून गेलेल्यांचा नुसता आकडा. अशा घरांना दुकानाचे परवाने, कोर्टाचे कागद, देवळाच्या वर्गणीच्या वह्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. १८१५ पासून बंगाल, आणि पुढे मुंबई इलाख्यातूनही, जन्मठेपेचे कैदी मॉरिशसचे रस्ते बांधायला पाठवले गेले. चार्ल्स डार्विनने १८३६ साली ते पाहिले होते. त्यांच्या नोंदी मात्र वेगळ्या दप्तरात आहेत. गिरमिटियांच्या रजिस्टरात पूर्वज मिळत नाही म्हणून तो आलाच नाही, असे म्हणता येत नाही ते यासाठी.

फिजी, त्रिनिदाद, गयाना, सुरिनाम इथेही अशा नोंदी आहेत. सुरिनामला १८७३ पासून गेलेल्या ३४,३०४ जणांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या चाळता येते. तिथे मराठी माणसे जवळपास नाहीत, कारण ती जहाजे कलकत्त्याची. पण मोकाच्या संग्रहाबाबत पुढे काय होऊ शकते, याची कल्पना त्या यादीवरून येते.

कागद संपतो तिथे माणसांची आठवण कामाला येते. मॉरिशसच्या मराठी वस्त्यांत 'झाकरी' अजून नाचतात. रत्नागिरी जिल्ह्यात जाखडी पाहिलेल्याला तिची ओळख पटायला वेळ लागत नाही. देवीचा गोंधळ घालतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. कुलदैवताचे नाव, लग्नातला देवक, घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडचा एखादा शब्द हे सगळे रजिस्टरातल्या अर्धवट गावाशी ताडून पाहता येते. कुलदैवत अमुक एका देवस्थानाचे असेल तर तीन शिरगावांतली दोन बाद होतात.

त्यापुढचे काम महाराष्ट्रात करायचे आहे. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात इलाख्याच्या सरकारी पत्रव्यवहाराचे खंड आहेत. त्र्यंबकेश्वर-पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या आहेत. पण मॉरिशसहून आलेल्या माणसाला मोडी वाचता येत नाही, बरेचदा मराठीही बेताचीच येते, आणि हाताशी पंधरा दिवस असतात. रजिस्टरातली दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गावनावे आजच्या महसुली गावांशी जुळवणारी एकच सूची, वाड्या आणि बोलीतल्या उच्चारांसकट, कोकणातल्या लोकांनी करायला हवी. मालवणीत त्या गावाला काय म्हणतात हे पोर्ट लुईच्या कारकुनाला कळणे शक्य नव्हते. कणकवली किंवा राजापूरच्या शिक्षकाला ते झटकन सांगता येईल.