पारा ४५ वर, तरी लस गोठते

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांवर जातो. साहजिकच लस उन्हापासून जपायची, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण पेंटाव्हॅलेंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस-बी या लशी गोठल्या तरी वाया जातात, आणि बरेचदा उन्हाच्या धास्तीपोटीच गोठतात.

या लशींमधला मुख्य घटक ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या कणांना चिकटलेला असतो. लस गोठली की कणांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावरही त्या सुटत नाहीत. बाटलीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे लशीला लागलेली उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन फक्त उष्णतेने गडद होतो. त्यामुळे लस गोठून निकामी झाली तरी चौकोन फिकाच दिसतो.

हे घडतं शेवटच्या टप्प्यात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर दुपारपर्यंत गारवा टिकावा म्हणून डीप फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक लगेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरले जातात. ते उणे १५ ते उणे २५ अंशांचे असतात, चिकटून ठेवलेली बाटली गोठणारच. पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे. घाम सुटला, कानाशी हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला, की चारही पॅक भरायचे. घड्याळावर विसंबू नये. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत वेळ लागतो. आयएलआरमध्येही (केंद्रावरच्या, बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये) तळ सर्वांत थंड असतो, म्हणून या लशी वरच्या बास्केटमध्येच हव्यात.

आयएलआरला चोवीस तासांत ८ तास वीज मिळाली तरी आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहतं. २०२१ मध्ये कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन याच तापमानाला ठेवायच्या होत्या, म्हणून बाळांच्या लशींची यंत्रणाच कामी आली. पुढची साथ आली तर पहिला भार हिच्यावरच पडेल. एरवी तिची हेळसांड होते, ती थांबायलाच हवी.

साठ्याचं गणित सोपं आहे. आरोग्य केंद्राच्या हद्दीत महिन्याला ४० बाळं असतील, तर पेंटाव्हॅलेंटचे प्रत्येकी ३ म्हणजे १२० डोस. १० टक्के वाया जातील असं धरून १.११ ने (१०० भागिले ९०) गुणायचं, १३३ होतात. वर २५ टक्के राखीव, म्हणजे साधारण १६७. १० डोसच्या १७ बाटल्या. नेमकी राखीवलाच कात्री लागते. सातपुड्यात पावसाने घाटरस्ता बंद पडला की लसीकरण त्याच बाटल्यांवर चालतं, म्हणून तिथे राखीव साठा जूनच्या आधीच पोहोचलेला हवा.