वाडावस्तीचा ऱ्हास (लष्कर, ग्वाल्हेर)

सरदारांच्या वाड्यांभोवती वाढलेल्या मोहल्ल्यांतून मूळ मालक व सुस्थित कुटुंबे निघून जाणे, इमारतींची डागडुजी थांबणे आणि वस्तीची प्रतिष्ठा ओसरणे, या प्रक्रियेस वाडावस्तीचा ऱ्हास म्हणता येईल. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ती ठळकपणे दिसते.

लष्करची स्थापना सामान्यतः १८१० च्या सुमारास मानतात. दौलतराव शिंदे यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी दिली. मात्र तिचे शहर केव्हा झाले, हे एका वर्षावर बोट ठेवून सांगणे उचित नाही, कारण तंबूंच्या जागी दगडी घरे क्रमाक्रमानेच आली असावीत. कंपू (कवायती पलटणींचा तळ) आणि जिन्सी (तोफखाना) ही स्थलनामे या उगमाची साक्ष देतात. फालका बाजार हे नाव फाळके घराण्यावरून आले असे समजतात. ‘बाडा’ हा शब्द हिंदीत कुंपण घातलेल्या आवारासाठी, विशेषतः गुरांच्या, वापरला जातो. तो आणि मराठी ‘वाडा’ या दोहोंचे मूळ संस्कृत ‘वाट’ (आवार) या शब्दाकडे नेता येते. तथापि ‘महाराज बाडा’ (आता लष्करचा मध्यवर्ती चौक), ‘शितोले साहब का बाडा’ यांसारख्या प्रयोगांत सरदारी निवासाचा अर्थ स्पष्ट असल्याने तेथील ‘बाडा’ हे मराठी वाड्याचेच स्थानिक उच्चारण मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ऱ्हासाचे कारण बांधकामाच्या वयात शोधण्याची प्रवृत्ती आहे. दगडी पट्ट्यांच्या छतांची घरे (स्थानिक भाषेत पाटौर) चुन्याच्या सांध्यांतून गळू लागली की कोसळतात हे खरे. परंतु सांधे भरणारा हात का थांबला, हा मूळ प्रश्न आहे. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान ‘मध्य भारत’ या नव्या राज्यात विलीन झाले. १९५१ च्या कायद्याने जहागिरी संपुष्टात आणल्या आणि ज्या उत्पन्नावर वाडे उभे होते तेच आटले. मध्य भारताची हिवाळी राजधानी ग्वाल्हेरला होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाल्यावर तो दर्जाही गेला. पुढे १९६१ च्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाने (भाडे नियंत्रण कायद्याने) जुन्या भाडेकरारांतील प्रमाणित भाड्याची सांगड १ जानेवारी १९४८ च्या भाड्याशी घातली. भाडेकरूला त्यामुळे मोलाचे संरक्षण मिळाले, पण त्या भाड्यात छत दुरुस्त करणे मालकाला परवडेनासे झाले. वारसांत खोल्यांची वाटणी झाली, की सामाईक जिना आणि चौक यांची जबाबदारी कोणाचीच उरत नाही. सुस्थितांच्या स्थलांतराने वस्ती आपोआप खालच्या उत्पन्नगटाकडे झिरपते, हे पाश्चात्त्य शहरांवरून बांधलेले मत येथे अपुरे वाटते. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ च्या इंदूर अहवालात गल्ल्या सरसकट पाडण्याऐवजी मोजकी मोडकी घरे काढून उरलेली दुरुस्त करण्याचा आग्रह धरला होता. लष्करलाही तोच मार्ग जवळचा आहे.

रहिवाशांची दृष्टी एकसारखी नाही. सिटी सेंटर, थाटीपूर अशा लष्करबाहेरच्या वस्त्यांकडे गेलेल्यांना अरुंद गल्ली आणि गाडी उभी करण्याची अडचण आधी आठवते. तरी बाजारहाटासाठी ते ‘बाड्यावर जाऊन येतो’ असेच म्हणतात. मागे राहिलेल्यांना सराफा, देऊळ आणि शाळा पायी अंतरावर असणे ही भिंतीच्या तड्याहून मोठी गोष्ट वाटते. पडझड त्यांनाही दिसते, पण ‘पडका मोहल्ला’ हे नाव बाहेरून दिलेले असते, आणि ते एकदा चिकटले की दुरुस्तीवर खर्च करण्याची उमेद आतूनही खचते.

अलीकडे महाराज बाड्यावरील टाउन हॉल व व्हिक्टोरिया मार्केट या सार्वजनिक इमारतींचे नूतनीकरण झाले आहे. आतील गल्ल्यांतील खासगी वाड्यांची डागडुजी मात्र अजून वारस आणि भाडेकरू यांच्यातील तडजोडीवरच अवलंबून आहे.