गती टिकवायला बल लागत नाही

ढकलणं थांबवलं की वस्तू थांबते, म्हणून गती टिकवायला सतत बल हवं, ही समजूत ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आली आहे. ती चुकीची आहे. वस्तू आपणहून थांबत नाही, घर्षण तिला थांबवतं. आणि घर्षण हे काही निराळं मूलभूत बल नव्हे, म्हणजे बाकी सगळी बलं ज्यांतून येतात त्या निसर्गातल्या चार बलांपैकी एक नव्हे. दोन पृष्ठभागांच्या अणूंमधलं विद्युतचुंबकीय बलच ते! चालताना जमीन आपल्याला पुढे ढकलते, तीही त्याच्याच जोरावर. रोजच्या हालचालींत हे आणि गुरुत्वाकर्षण एवढी दोनच मूलभूत बलं जाणवतात. उरलेली दोन अणुकेंद्राएवढ्या अंतरापुरतीच. घर्षण जवळजवळ नसेल तिथे काय होतं, ते पाहायला १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ हे अंतराळयान बघा: मागून रेटणारं काहीही नसताना ते आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललं आहे.